एमएस, थकवा आणि उन्हाळा : तुमचा अनुभव लिहा

मंडळी, एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर तेच प्रश्न यायला लागतात. "ताई, नजर पुन्हा अंधुक झालीय, एमएसचा नवा अटॅक असेल का?" "चार पोळ्या लाटल्या आणि हात गळाले." "घरचे म्हणतात, तुला काही झालेलं दिसत तर नाही." मला मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, निदान होऊन बारा वर्षं झाली. पहिले दोन उन्हाळे मी नुसते घाबरून काढले. तेव्हा यातून गेलेलं एखादं माणूस भेटलं असतं, तर निदान रात्रीची झोप तरी लागली असती. म्हणून हा धागा.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवर मायलीनचं वेष्टण असतं. आपल्या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती ते कुरतडते. वेष्टण गेलेल्या जागेतून संदेश कसाबसा पुढे सरकतो, आणि अंगातली उष्णता पाव-अर्धा अंश वाढली तरी तो तिथेच अडू शकतो. अंग निवलं की पुन्हा सुरू होतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे नोंदवून ठेवलं. श्रम केले की त्याच्या रुग्णांची नजर मंद व्हायची आणि विश्रांतीनंतर परत यायची. त्याला कारण श्रमच वाटले. खरा हात वाढलेल्या उष्णतेचा, हे पुढे कळलं. ऊन, ताप, गरम पाण्याची आंघोळ, जिने चढणं, यातलं काहीही पुरतं.

थकवा हा शब्द तर मला फारच अपुरा वाटतो. दिवसभर राबून आलेला थकवा झोपेने जातो. हा सकाळी डोळे उघडतानाच अंगावर बसलेला असतो, नाहीतर भाजी चिरताना मध्येच येतो. सुरी जड होते. समोरच्याचे शब्द ऐकू येतात, पण वाक्य लागत नाही.

उपदेश नकोत. तुमच्या घरात, तुमच्या कामावर नेमकं काय होतं आणि तुम्ही काय करता, तेवढं लिहा. नाव लिहायची गरज नाही, गाव पुरे.

नागपूर, शिक्षिका

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे मी लिहायलाच पाहिजे.

निदानानंतरचा पहिलाच एप्रिल. वार्षिक परीक्षेची सुपरव्हिजन होती. टिनाचं छप्पर, पंखा नावाला. तासाभराने डाव्या डोळ्यापुढे दुधाळ काच आल्यासारखं झालं. याच डोळ्याच्या नसेला दोन वर्षांपूर्वी सूज येऊन गेली होती. मी पेपर दुसऱ्या बाईंच्या हाती दिले आणि रडत घरी आले. यांनी तशीच गाडी काढली. मला वाटलं, आता पुन्हा पाच दिवस सलाइनमधून स्टिरॉइड. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "ताप आहे का? लघवीला जळजळ? किती वाजता सुरू झालं?" एसीत बसवून ठेवलं. पाऊण तासात भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तिथी वाचता आली.

तेव्हापासून मी लाल पेनावर लक्ष ठेवते. अंग तापायला लागलं की त्या डोळ्याला लाल शाई आधी फिकी, मग विटकरी दिसते. तपासलेल्या वहीवरची बरोबरची खूण विटकरी दिसली की मी समजते, आता थांबायचं. पाच मिनिटं उशीर केला तर पायही ओढायला लागतो.

मुख्याध्यापकांना हे पटवायला दोन वर्षं लागली. "तुम्ही तर चांगल्या धडधाकट दिसता, मॅडम," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! शेवटी डॉक्टरांचं पत्र नेलं. आता माझे तास सकाळी साडेअकराच्या आत असतात आणि वर्ग तळमजल्यावर. घरी वाळ्याचा कूलर, मानेवर ओला पंचा. लग्नाला जायचंच असेल तर रात्रीच्या रिसेप्शनला. दुपारच्या मुहूर्ताला मी जात नाही. रागावणारे रागावतात.

(धागा काढणारी)

नागपूरच्या ताईंच्या डॉक्टरांनी विचारलेले तीन प्रश्न कागदावर लिहून फ्रिजवर लावा. नवं किंवा वाढलेलं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नसेल, तर डॉक्टर अटॅकचा विचार करतात. गार झाल्यावर उतरलं तर तो बहुधा उष्म्याचा त्रास, आणि त्याने नसांचं नवं नुकसान होत नाही. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी ते प्रत्येकाला सांगते. शंका असेल तर डॉक्टरांना फोन कराच, अंदाजावर बसू नका. लघवीचा संसर्ग कधीकधी बाकी काही न दाखवता फक्त पाय जड करतो.

विरार, बँकेत नोकरी

ताई, तुमचा कूलर आमच्याकडे कामाचा नाही. इथली हवाच इतकी दमट की घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. मी डब्याच्या पिशवीत बर्फाचे दोन पॅक ठेवतो. गाडीत बसायला मिळालं तर एक मानेमागे धरतो. चढताना झालेल्या रेटारेटीनेच दिवसाची निम्मी ताकद जाते.

माझी चूक लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल. लघवीला घाई होते म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. वर घाई कमी करायची गोळी सुरू होती. दोन आठवडे दुपारी डोकं तापायचं, अंग कोरडं आणि पाय कापसाचे. डॉक्टर म्हणाले, या जातीच्या काही गोळ्यांनी घामच कमी येतो. वर पाणी कमी म्हणजे दुहेरी त्रास. गोळी बदलली, पाणी घोट घोट सुरू केलं. स्टेशनवरची स्वच्छतागृहं कुठे आहेत ते मला आता तोंडपाठ आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आपल्या आजाराचं नाव आहे, हे माझ्या शाखेत कोणाला ठाऊक नव्हतं. प्रमाणपत्र काढल्यावर एसीखालची जागा आणि उशिरा यायची सवलत मिळाली. लाजू नका, मागा.

रत्नागिरी

माझं सगळं दुखणं गणपतीत बाहेर पडतं. चतुर्थीला उकडीचे मोदक, मोदकपात्राची वाफ, बंद खोलीत गॅसच्या दोन शेगड्या. तीन वर्षांपूर्वी पारी हातात घेतली आणि कळ्या पाडता येईनात. बोटांना पिठाचा ओलावा कळतच नव्हता. सात-आठ मोदक फाटले. सगळ्यांसमोर रडू आलं.

सासूबाईंनी काही विचारलं नाही. रात्री निजायच्या वेळी एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी उकड मी काढेन हो. तू सारण कर नि पडवीत वाऱ्याला बस." तेव्हापासून खोबरं मी आदल्या दिवशी पहाटे खवून ठेवते, सारण सकाळी सहाला गार हवेत करते आणि कळ्या पाडायला मागच्या दारी स्टुलावर बसते. मोदक वाफवायला जाऊबाई. मागच्या वर्षी एकवीसपैकी अकरा माझ्या हातचे होते.

सातारा, मुलगा

आजार आईला आहे, मला नाही. मी बारावीत असताना तिला म्हणालो होतो, "सकाळी तर बरी होतीस, आता माझ्या डब्याच्या वेळीच कशी झोपतेस?" ती काही बोलली नाही, उठून डबा भरला. त्या संध्याकाळी तिला न्हाणीघरातून धरून आणावं लागलं. आता मी स्वयंपाक करतो. ते वाक्य मला परत घेता येत नाही.

ती इंटरफेरॉनचं, म्हणजे एमएस आटोक्यात ठेवायचं, इंजेक्शन घेते त्या रात्री कणकण येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी पॅरासिटामॉल, आणि दुसऱ्या दिवशी तिला कोणी काही काम सांगायचं नाही, असा आमच्या घरी नियम आहे.

टोरंटो

इथे वाटेल की थंडी आहे, मजा असेल. उणे पंधरामध्ये माझे पाय लाकडासारखे ताठतात, पोटऱ्यांना गोळे येतात. म्हणजे आम्हाला दोन्हीकडून. आणि घरात सगळीकडे हीटर. एकदा पाय मोकळे व्हावेत म्हणून टबात कढत पाणी घेऊन बसले. दहा मिनिटांनी उठायला गेले तर पायच नाहीत! नवऱ्याने पाणी सोडून दिलं आणि मी गार होईपर्यंत तिथेच थांबला. एकटी असते तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो. आंघोळ कोमट पाण्यानेच करा आणि कडी लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

(धागा काढणारी)

टोरंटोच्या ताई, हे वाचून काटा आला. एमआरआय यायच्या आधी डॉक्टर निदानासाठी रुग्णांना मुद्दाम गरम पाण्याच्या टबात बसवत आणि लक्षणं उमटतात का ते बघत. ती चाचणी केव्हाच मागे पडली. घरी मात्र आपण ती नकळत करतो.

बऱ्याच जणांनी खाजगीत थकव्याच्या औषधांबद्दल विचारलंय. अमँटॅडीन, मोडॅफिनिल आणि मेथिलफेनिडेट ही तिन्ही अमेरिकेतल्या एका चाचणीत औषध नसलेल्या, नुसत्या दाखवायच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. एखाद्याला गुण येतोही, ते डॉक्टर ठरवतील. पण त्याआधी हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि झोप तपासून घ्या. माझं बी-१२ पार तळाला होतं आणि तीन वर्षं सगळा दोष मी एमएसला देत होते. व्यायामही सोडू नका. पूर्वी आपल्याला व्यायाम करू नका म्हणत, आता उलट सांगतात. मी पहाटे साडेपाचला, अंगावर गार पाणी घेऊन, पंख्याखाली वीस मिनिटं करते.

लातूर

आमच्याकडे एसी नाही. दुपारी लाइट जाते ती तीन-तीन तास येत नाही. पत्र्याचं घर. त्या वेळी उजवा पाय उचलत नाही, बोलताना जीभ जड होते. माठातलं पाणी पितो, आणखी काय करावं? नागपूरच्या ताई, तो ओला पंचा किती वेळ ठेवता?

नागपूर, शिक्षिका

दादा, पंचा कोरडा पडेपर्यंत ठेवायचा, मग पुन्हा पिळून घ्यायचा. आपल्या दोघांकडची हवा कोरडी, म्हणून तो लागू पडतो. लाइट जायची वेळ ठरलेली असेल तर ती गेल्यावर नाही, अर्धा तास आधीच अंग ओलं करा. पत्र्यावर गोणपाट टाकून सकाळीच भिजवा. घोट्यापर्यंत पाय बादलीतल्या साध्या पाण्यात, आणि हातपंख्याने कोणीतरी वारा घालायला हवं. उठताना मात्र कोणाचा तरी हात धरा. गार पाण्यातून काढलेला पाय जमिनीवर टेकला की नाही, ते आपल्याला लगेच कळत नाही.