गगनबावड्याला जाताना घाट का लागत नाही?

रंकाळाकाठ: नोकरीमुळे सोलापूरहून कोल्हापूरला आलोय. रविवारी बाइकवरून गगनबावड्याला गेलो. कळे, साळवण करत रस्ता जवळजवळ सपाट. आणि गाव ओलांडून करूळ घाटात शिरलो तर समोर एकदम खोल दरी! डोंगर चढलोच नाही तर एवढं उतरायचं आलं कुठून?

कुंभीकाठचा शेतकरी: भावा, चढण तुम्हाला कळायच्या आधीच झालेली असते. कोल्हापूर शहरच समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. आपल्याकडून बघितलं तर सह्याद्री म्हणजे पठाराची पश्चिमेची कड. डोंगर बघायचा असेल तर वैभववाडीत उतरा आणि मान वर करा. आजऱ्याहून आंबोलीला गेलात तरी हेच.

हे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं, थरावर थर बसलेलं. घाटातल्या कड्यावर ते आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. पठार पूर्वेकडे कललेलं आहे, म्हणून आमच्या कुंभीचं पाणी इतक्या जवळच्या अरबी समुद्राकडे जात नाही. ते पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळतं आणि थेट बंगालच्या उपसागराला जातं. आंबोलीत उगवलेली हिरण्यकेशीही पूर्वेलाच वाहते.

पावसाचंही सगळं गणित ही कडच ठरवते. कोकणातून आलेले ढग कड्याला अडून वर चढतात, गार होतात आणि आमच्या डोक्यावर रिते होतात. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कोल्हापुरात हजाराच्या आसपास, शिरोळला त्याच्याही निम्मा. एकाच जिल्ह्यात! आम्ही भाताची रोपं लावतो तेव्हा शिरोळकर आभाळाकडे बघत असतात. म्हणून शहरात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी कळकळीनं सांगतो, पावसाळ्यात रंकाळ्यावरचं आभाळ बघून निर्धास्त राहू नका, गगनबावडा आणि राधानगरीचा पाऊस बघा. शहरात ऊन असतानाही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढत असतं. 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका.

रंकाळाकाठ: काका, मग पन्हाळा आणि जोतिबा? ते तर कडेपासून बरेच आत आहेत.

चिखलीकर: त्या मुख्य रांगेपासून पूर्वेला फुटलेल्या सोंडा. या सोंडांमधल्या खोऱ्यांतून कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती येतात आणि आमच्या प्रयाग चिखलीपर्यंत सगळ्या एक होतात. पंचगंगेतली पाचवी नदी, सरस्वती, गुप्त मानतात. 2019 च्या पुरात गाव सोडावं लागलं होतं, त्यामुळे वरच्या पावसाबद्दल काका म्हणतात ते शंभर टक्के खरं.

कुंभीकाठचा शेतकरी: पन्हाळ्याला गेलात तर शेजारचं मसाई पठारही बघा. माथ्यावर जांभा दगड आहे, अशा माथ्याला आमच्याकडे सडा म्हणतात. वरून उजाड वाटतो, पण पावसाचं पाणी जांभ्यातून मुरतं आणि खाली झऱ्यांतून निघतं. आमच्या वाडीचं पिण्याचं पाणी तसल्याच झऱ्याचं. या जांभ्यातच बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज असतं, त्यामुळे जिल्ह्यातले काही सडे खाणींनी खरवडले गेलेत. सडा गेला की खालचा झरा आटतो, हे वर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. सप्टेंबरात सड्यावर फुलं येतात तेव्हा जरूर या, फक्त गाडी रस्त्यावरच लावा.