ताकदवान गाडीला हिवाळ्यात कुठले टायर? 'परफॉर्मन्स विंटर' की सरळ मऊ, अरुंद बर्फाचे टायर?

चौथा_गिअर (धागाकर्ता)

पाचशे हॉर्सपॉवरची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी असली की हिवाळ्याचं उत्तर बहुतेकांचं ठरलेलं असतं: समर टायर ज्या मापाचे त्याच मापाचे, त्याच २० इंची रिमवर बसणारे 'परफॉर्मन्स विंटर' (वेगवान गाड्यांसाठीचे, डांबरावरही घट्ट राहणारे विंटर टायर). मिशेलिनचे पायलट अल्पिन ५ घ्या, नाहीतर पिरेलीचे पी झीरो विंटर. गाडी दिसायला तशीच राहते, स्टिअरिंगही फारसं बदलत नाही, मालक खूश.

मला हा दोन्ही डगरींवर हात ठेवण्याचा प्रकार वाटतो. गाडी खरोखर बर्फात जाणार असेल तर एक-दोन इंचांनी लहान रिम, जमेल तितकं अरुंद माप आणि सरळ नॉर्डिक जातीचे (कडाक्याच्या थंडीसाठी, बर्फासाठी बनवलेले) मऊ टायर घ्यावेत. नोकियन हाक्कापेलिटा आर५, मिशेलिन एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोन ब्लिझॅक डब्ल्यूएस९०, यांपैकी काहीही.

लोक म्हणतात, 'एवढ्या पॉवरला एवढा मऊ टायर झेपणार नाही.' जरा हिशोब करू. गाडी १८०० किलोची, निम्मं वजन मागच्या चाकांवर. दाबल्या गेलेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक ०.२५ धरा. मागची चाकं जास्तीत जास्त २२०० न्यूटनचा रेटा देऊ शकतात. ५० किमी वेगाला याचे झाले साधारण ३० किलोवॅट, म्हणजे ४१ हॉर्सपॉवर. गॅस दिल्यावर वजन थोडं मागे सरकतं, म्हणून ४५ म्हणा. पाचशेतले बाकीचे सगळे घोडे त्या क्षणी नुसते चाक फिरवायला किंवा ट्रॅक्शन कंट्रोलला (चाक घसरू लागलं की पॉवर कापणाऱ्या यंत्रणेला) काम द्यायला. मग टायर 'पाचशे हॉर्सपॉवरला शोभेलसा' कशाला निवडायचा? त्या पंचेचाळिसाचे साठ कसे होतील ते बघायचं.

निळी_किल्ली

असहमत. गणित बरोबर आहे, दिवस चुकीचा निवडलाय.

हिवाळा म्हणजे रोज पांढरा रस्ता नसतो. बऱ्याच ठिकाणी तो तीन-चार अंशांवरचं ओलं काळं डांबर असतो, त्यावर मीठ मारलेलं, आणि गाड्या ताशी शंभराच्या वर धावतायत. तिथे नॉर्डिक टायरचे ब्लॉक नुसते वळवळतात. त्यात बारीक चिरा खूप आणि कंपाउंड (रबराचं मिश्रण) लोण्यासारखं, त्यामुळे ओल्या आणि कोरड्या डांबरावर ब्रेकचं अंतर परफॉर्मन्स विंटरपेक्षा वाढतं. तुमचे ते बाकीचे घोडे इथे मात्र जागे असतात. वळणातून निघताना गॅस दिला की मागचा भाग आधी टायरवर डोलतो आणि मग वळतो. ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय.

दुसरं, वेगाची मर्यादा. टायरवरचं आर हे अक्षर म्हणजे १७० किमी, टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. नॉर्डिक टायर बहुतेक आर किंवा टी. अडीचशेला जाणाऱ्या गाडीवर ते असताना आकडा लक्षात ठेवणं ड्रायव्हरची जबाबदारी, आणि गाडी घरात दुसरंही कुणी चालवत असेल तर विचारायलाच नको.

उगाचच

एवढी चर्चा कशाला? ऑल व्हील ड्राइव्ह घ्या, ऑल सीझन टायर टाका, मोकळे व्हा. माझी गाडी बर्फात कधी अडकलेली नाही.

चौथा_गिअर

@उगाचच, अडकण्याचा प्रश्नच नाहीये, थांबण्याचा आहे. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, त्यात ऑल व्हील ड्राइव्हचं काडीचं योगदान नाही. ५० च्या वेगावरून गुणांक ०.३ असेल तर ३३ मीटरांत थांबाल, ०.२ असेल तर ४९. मधले सोळा मीटर फक्त टायरचे. उलट ऑल व्हील ड्राइव्ह सहज वेग घेते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे पहिल्यांदा कळतं ते ब्रेकवर पाय ठेवल्यावर.

@निळी_किल्ली, ओल्या डांबराचा मुद्दा मान्य. पण मी मूळ धाग्यातच 'खरोखर बर्फात जाणार असेल तर' असं लिहिलंय. रस्ते सकाळी सातच्या आत साफ होतात तिथल्या माणसाने तुमचं ऐकावं. बर्फ पडून तसाच दबून राहतो तिथे तुमचा पायलट अल्पिन काय करणार?

रबरी_शिक्का

दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहतेय: साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या खुणा. 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) ही खूण टायर कंपनी स्वतःच लावते, त्यामागे बर्फावरची कुठलीही चाचणी नसते. तीन शिखरं आणि हिमकण असलेली खूण मात्र चाचणीनंतर मिळते. अमेरिकी पद्धतीत दाबलेल्या बर्फावर प्रमाण टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. पण ती पकड सरळ रेषेत वेग घेतानाची. वळणावर काय होतं, गोठलेल्या चकचकीत थरावर काय होतं, याबद्दल ती खूण काहीच सांगत नाही. म्हणून काही ऑल सीझन टायरही ती खूण मिरवतात (मिशेलिन क्रॉसक्लायमेट २ घ्या), आणि पक्के नॉर्डिकही मिरवतात. खूण तीच, पण टायर-टायरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक.

युरोपच्या लेबलवर मे २०२१ पासून गोठलेल्या बर्फावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह आलंय. नॉर्डिक टायरवर ते सापडेल, परफॉर्मन्स विंटरवर सहसा नाही. वादाचा अर्धा निकाल त्या लेबलवरच लागतो. तुमच्या रस्त्यावर तो चकचकीत थर किती वेळा असतो, एवढंच स्वतःला विचारा.

अवांतर: @उगाचच, तुमच्या ऑल सीझनवर यातली कुठली खूण आहे ते बघा. नुसतं एम प्लस एस असेल तर जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून तो विंटर टायर म्हणून धरलाच जात नाही.

सावकाश_जा

मी तिसऱ्याच बाजूचा. अशी गाडी हिवाळ्यात झाकून ठेवावी आणि रोजच्याला दुसरी साधी गाडी वापरावी.

पण झाकून ठेवणाऱ्यांनीही ऐका. ट्रॅकसाठीच्या समर टायरचं रबर गोठणबिंदूच्या खाली ठिसूळ होतं. अशा टायरवर गाडी नुसती पुढे-मागे केली तरी ट्रेडला (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या थराला) तडे जाऊ शकतात, आणि कंपन्या हे वॉरंटीत धरत नाहीत. लक्षण आधी दिसतं: थंड सकाळी पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग वळवून निघालात की पुढची चाकं खडखडत बारीक उड्या मारतात. लोक गिअरबॉक्स गेला म्हणून घाबरतात. रुंद, कडक टायरला कमी वेगात तेवढं तीव्र वळण सरळ घेता येत नाही, तो घासत-सुटत जातो, एवढंच. विंटर टायर बसवले की ते बहुतेक वेळा कमी होतं.

निळी_किल्ली

@सावकाश_जा, दुसरी गाडी ठेवणं ज्यांना जमतं त्यांनी जरूर ठेवावी, पण मग हा धागा त्यांच्यासाठी नाही हो.

@चौथा_गिअर, 'एक-दोन इंचांनी लहान रिम' हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, खरी मेख तिथेच आहे. अशा गाड्यांच्या पुढच्या ब्रेक डिस्क ३८०-४०० मिलीमीटरच्या असतात, वर सहा पिस्टनचा कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा ब्रेकचा चिमटा). १८ इंची रिम कॅलिपरला टेकते, बसतच नाही. काही गाड्यांना १९ सुद्धा फक्त ठरावीक आकाराच्या आऱ्यांचीच चालते. आधी गाडीच्या पुस्तिकेत हिवाळ्यासाठी मान्य मापं बघा, टायर नंतर. बर्फासाठी चाकाला बांधायच्या साखळ्या कुठल्या मापावर चालतात तेही तिथेच असतं. २० इंची रुंद टायरवर बऱ्याचदा साखळीला जागाच नसते.

चौथा_गिअर

हे मात्र सोन्यासारखं लिहिलंत. बसत असेल तर काय मिळतं तेही सांगतो. समजा पुढे २४५/३५ आर२० आणि मागे २८५/३० आर२० आहेत (रुंदी मिलीमीटरमध्ये, साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटी रिम किती इंची; इथला आर वेगाचा नाही). चारही चाकांना २४५/४५ आर१८ घातले तर बाहेरच्या व्यासात दोन मिलीमीटरचाही फरक पडत नाही. साइडवॉल मात्र ८६ वरून ११० मिलीमीटर होते. बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचते. मागे ४० मिलीमीटर अरुंद झाल्याने टायर भुसभुशीत बर्फावर तरंगत नाही, तो कापत खाली जातो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) तेवढा कंपनीने दिलाय त्यापेक्षा खाली नको, विशेषतः जड इलेक्ट्रिक गाड्यांना.

निळी_किल्ली

आणि मागे २८५ कंपनीने हौस म्हणून दिलेले नसतात. मागची पकड जास्त ठेवली की मर्यादेला आधी पुढची चाकं सुटतात, सामान्य ड्रायव्हरला ते सांभाळता येतं. चारही सारखे केलेत की कोरड्या थंड दिवशी मागचा भाग लवकर सुटणार, वर तुमचे लोण्याचे टायर. मी तरी १९ इंची, कंपनीने मान्य केलेल्या मापात, परफॉर्मन्स विंटरच घेईन. बर्फात सावकाश जाईन.

चौथा_गिअर

बर्फात सावकाश तर मीही जाईन. तुमच्या आधी थांबेन एवढंच. :)

नवा_भिडू

वाचून शिकतोय. माझी मागच्या चाकांवर चालणारी आहे. फक्त मागच्या दोन चाकांना विंटर घातले तर चालेल का? पुढचे समर नवेच आहेत.

रबरी_शिक्का

नाही. गाडी जागची निघेल, पण वळवायला आणि थांबवायला पुढची चाकं लागतात, आणि ब्रेकचा मोठा वाटा त्यांच्यावरच असतो. पुढचे समर थंडीत कडक पडले की स्टिअरिंग वळवाल आणि गाडी सरळच जाईल. चारही एकाच जातीचे घ्या. जुने विंटर घेणार असाल तर ट्रेड ४ मिलीमीटरच्या वर आहे का बघा, आणि साइडवॉलवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नवे घेतलेत तर पहिले काहीशे किलोमीटर गॅस जपून द्या. तापमान दहा अंशांनी उतरलं की हवा साधारण ०.१ बारने कमी होते, म्हणून दाब गाडी बाहेर थंड उभी असतानाच मोजा, उबदार गॅरेजमध्ये नाही.