मदत हवी आहे: संदर्भसूची कशी शिकवू?

रानजाई
मुलं संदर्भसूचीत नुसतं 'गूगल' लिहून आणतात. एकीने तर आठ वेळा लिहिलंय. तीनदा समजावून झालं. सोमवारी प्रकल्प जमा करायचेत. कुणाकडे नमुना आहे का? लवकर सांगा.

पाटीपेन्सिल
कितवीची मुलं? विषय कोणता?

सह्यवारा
झोटेरो हे सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, यादी आपोआप बनते. मी पीएचडीला तेच वापरलं.

रानजाई
टी.वाय.बी.ए. म्हणजे बी.ए.चं तिसरं वर्ष, मराठी. सांगायचं राहिलं. निम्म्यांकडे लॅपटॉप नाही, फोनवरच टाइप करतात.

पेठकर
यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही.

पाटीपेन्सिल
पेठकर, त्या वाङ्मयचौर्याबद्दल विचारत नाहीयेत.
मॅडम, नमुना देऊ नका, मुलं तोच उतरवतात. प्रत्येकाला ग्रंथालयात एकेक पुस्तक हातात द्या आणि शीर्षकपान उलटायला सांगा. प्रकाशक, गाव, आवृत्ती, साल, सगळं तिथेच सापडतं. मी दरवर्षी हेच करते. जुन्या पुस्तकावर शके असेल तर 78 मिळवायचे.

रानजाई
कुसुमाग्रज 'क'मध्ये की शिरवाडकर म्हणून 'श'मध्ये? वर्गात यावरच अडलं.

कोराकागद
पुस्तकावर जे नाव छापलंय ते. 'विशाखा' कुसुमाग्रजांच्या नावावर, 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांच्या. आणि साल हातातल्या आवृत्तीचं. 'विशाखा' 1942 ची म्हणून तेच साल टाकलं आणि पान नव्या प्रतीतलं दिलं, तर तपासणाऱ्याला ते पान सापडणार नाही.

सह्यवारा
झोटेरो अकारविल्हेसुद्धा लावतं.

कोराकागद
युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षर-क्रमांकांच्या, नुसत्या क्रमाने लावलं तर क्षीरसागर खांडेकरांच्या आधी येतात. मराठी वर्णमालेत 'क्ष' 'ह'नंतर असतो. हाताने तपासावंच लागतं.

पेठकर
'क्ष' हे जोडाक्षर आहे. क् अधिक ष. 'क'मध्येच बरोबर.

कोराकागद
मग शाळेच्या तक्त्यात शेवटी का लिहितात?

पाटीपेन्सिल
त्यासाठी वेगळा धागा काढा हो. मॅडमना सोमवार गाठायचाय.

रानजाई
उद्या ग्रंथालयात नेते सगळ्यांना. शेवटचं एक: संपादित पुस्तकातला लेख असेल तर आधी संपादकाचं नाव का?

पाटीपेन्सिल
नाही. आधी लेखाचा लेखक, मग अवतरणचिन्हात लेखाचं नाव, मग पुस्तक, संपादक, प्रकाशक, गाव, साल. लेख कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत आहे तेही. ते पान-क्रमांक मुलं हमखास विसरतात, तिथेच लिहून घ्यायला लावा.