शनिवारी शाळेनंतर जिम मिळेल का? (ट्रॅव्हलचा निकाल लागला)

मीनल, बुधवार, रात्री ११.१०

मंडळी नमस्कार,

थेट विचारते. शनिवारी मराठी शाळा १२ ला सुटते आणि जिमचं परमिट १ पर्यंत आहे असं गेल्या मीटिंगमध्ये गीताताई म्हणाल्या होत्या. तो मधला तास मुलींना बास्केटबॉल खेळायला मिळेल का? पाचवी-सहावीच्या, सध्या चौघी आहेत, आणखी येतील. मी पूर्ण वेळ थांबेन.

कारण तुम्हाला कळलंच असेल, काल ट्रॅव्हलची, म्हणजे दुसऱ्या गावांशी खेळणाऱ्या, निवडून घेतलेल्या टाउन टीमची, ईमेल आली. सहावीच्या मुलींच्या दोन टीम, प्रत्येकी १० जणी, आणि ट्रायआउटला आल्या होत्या ४३. आमची नाही. ४३ तून २० म्हटल्यावर निम्म्याहून जास्त राहणारच, त्याचं वाईट वाटलं पण ती तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. दोन दिवस, दीड-दीड तास, लेअपच्या (धावत जाऊन जवळून बास्केट करायच्या) लाइनी जेमतेम वीस मिनिटं आणि बाकी सगळं स्क्रिमेज, म्हणजे आपसातल्या गेम. पालकांना आत सोडत नाहीत, पण दाराला ती उभी काच असते ना, तिच्यातून मी दुसऱ्या दिवशी बघत होते. पाठीवर ३१ नंबर, चार सेफ्टी पिना लावून. ती दर वेळी धावत जाऊन कोपऱ्यात उभी राहायची, दोन्ही हात छातीसमोर धरून, कारण रेकच्या (सगळ्यांना घेणाऱ्या टाउन लीगच्या) कोचने तिला तेच शिकवलंय की बॉलभोवती गर्दी करू नको, जागा धर. आणि बॉल येतच नव्हता. आठ-आठ मिनिटांच्या दोन गेम मी नीट मोजल्या, तीन वेळा बॉल हातात आला आणि तिन्ही वेळा तिने तो पुढे दिला. ज्या मुली गेल्या वर्षीपासून एका टीममध्ये आहेत त्या एकमेकींनाच पास देणार, त्यात त्या पोरींचा काहीच दोष नाही, पण मग मार्क देणाऱ्याने माझ्या मुलीचं नक्की काय बघितलं?

काय कमी पडलं ते एका ओळीत सांगा म्हणून मी लिहिलं, तर वैयक्तिक उत्तर देता येत नाही म्हणाले. डावा हात? डिफेन्स? उंची? अकरा वर्षांच्या मुलीला काहीतरी सांगायला हवं ना. तो ३१ नंबरचा कागद तिने अजून फेकलेला नाही, टेबलावर आहे, पिनांसकट.

तर जिम?

मीनल

गीता, गुरुवार, सकाळी ६.५०

मीनल, वाचून फार वाईट वाटलं.

पण जिमचं एवढं सोपं नाही गं. परमिट मंडळाच्या नावावर आहे ते वर्ग आणि सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. १२ ते १ हा वेळ रिकामा नसतो, दिवाळीच्या नाचाची प्रॅक्टिस तिथेच असते आणि ती कार्यक्रमापर्यंत चालणार आहे. कस्टोडियन १ ला कुलूप लावतो, त्याच्या पुढे गेलं की ओव्हरटाइम आपल्या माथी. मार्चमध्ये काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, मी परत त्यात जात नाही. शिवाय आपण इन्शुरन्सचं जे सर्टिफिकेट दिलंय त्यात खेळ धरलेत की नाही ते बघावं लागेल. उद्या कोणाचा पाय मुरगळला तर विचारणा मला होणार.

ही शाळा नऊ वर्षं चालवतेय, जिम हातची गेली तर शाळा जाते, म्हणून एवढं लिहिलं.

गीता

नितीन, गुरुवार, सकाळी ९.०५

जिमचा विषय निघालाच आहे तर बॅडमिंटन ग्रुपतर्फे परत लिहितो. आम्ही दोन वर्षं शनिवारचा एक तास मागतोय, तेव्हाही परमिट सांस्कृतिक आहे हेच उत्तर मिळालं होतं. मुलींना जरूर द्या, माझी हरकत नाही, पण नियम बदलणार असेल तर सगळ्यांसाठी बदलू दे. आणि जमिनीवरच्या आमच्या टेप कोणी काढू नका, त्या शाळेला विचारून लावलेल्या आहेत.

नितीन

शिरीष, गुरुवार, दुपारी १२.४०

जिमचं गीताताई आणि नितीन बघतील. मी फक्त ट्रायआउटबद्दल बोलतो, कारण सहा वर्षं या प्रोग्रॅममध्ये असिस्टंट कोच आहे, मुलांच्या बाजूला, त्यामुळे मुलींच्या निवडीत माझा हात नाही.

मीनल, मार्क देणारे तिघं असतात, ज्यांचं मूल त्या वयोगटात नाही असे. ड्रिबल (टप्पे मारत बॉल नेणं), शूटिंग, डिफेन्स, खेळाची समज, प्रत्येकाला १ ते ५. वरच्या सात-आठ जणींबद्दल वाद नसतो. शेवटच्या दहा-बाराही पहिल्या तासात कळतात. मधल्या वीसेक जणींमध्ये फरक असतो अर्ध्या मार्काचा आणि तिथे गेल्या वर्षीच्या कोचचं मत विचारलं जातं. तिथे जुन्या मुलीला फायदा होतो हे मी नाकारत नाही.

कोचची मुलगी टीममध्ये असतेच, हे सगळे बोलतात, मीही ऐकलंय. पण कोच आणायचे कुठून? आठवड्यात दोन संध्याकाळी प्रॅक्टिस, वीकेंडला गेम, थँक्सगिव्हिंगनंतर सुरू ते मार्चपर्यंत, एक पैसा मिळत नाही, वर दरवर्षी कन्कशनचा (डोक्याला मार बसण्याबद्दलचा) कोर्स आणि कोरी चेक, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी. सहा वर्षांत आपल्या मंडळींपैकी किती जणांनी नाव दिलं? दोघांनी. आपण गेमला येतो, मागे लॅपटॉप उघडून बसतो आणि निकाल लागला की ईमेल लिहितो. मला हे मनापासून लागतं म्हणून लिहिलं.

शिरीष

सोनाली, गुरुवार, दुपारी ४.१५

शिरीष, लॅपटॉपबद्दल म्हणालास, दोन नोकऱ्या, दोन मुलं आणि वीकेंडला तीन ठिकाणी पोचवायचं असेल तर लॅपटॉप उघडावाच लागतो. आणि मी दोनदा कोचिंगला नाव दिलं होतं, मला स्नॅकचं कोऑर्डिनेशन दिलं. असो.

मीनल, कोणीतरी तुला सांगेलच की ट्रॅव्हल सोड, एएयू क्लबला, म्हणजे पैसे भरून खेळायच्या खाजगी टीमला, घाल. घालण्याआधी मला फोन कर. आमचा थोरला चौथीपासून क्लबला होता. वर्षाचे दोन हजारांच्या वर डॉलर, शिवाय ऱ्होड आयलंड, न्यू हॅम्पशायर, हॉटेलं, सकाळी ८ ची गेम आणि त्यात त्याला सहा मिनिटं. बारा महिने तेच, सॉकर सुटलं, पोहणं सुटलं. सातवीत गुडघ्याखाली टेंगूळ आलं, ऑसगुड-श्लॅटर, जिना उतरताना कठडा धरायचा. डॉक्टर म्हणाल्या वाढत्या हाडावर वर्षभर एकाच प्रकारच्या उड्या, दुसरं काय होणार. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉलने मिळून मुलांसाठी ज्या सूचना काढल्यात त्यात चक्क लिहिलंय की १४ वर्षांच्या आधी फक्त बास्केटबॉल असं करू नका. आम्ही ते वाचलं गुडघा दुखल्यावर.

सोनाली

मीनल, गुरुवार, रात्री १०.३०

सोनाली, करते फोन उद्या.

शिरीष, तू सहा वर्षं करतोयस त्याबद्दल आदर आहे, आणि कोच मिळत नाहीत हेही खरं. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलं नाही. कोपऱ्यात जागा धरून उभ्या असलेल्या आणि बॉल न मिळालेल्या मुलीला खेळाच्या समजेत १ ते ५ पैकी किती देतात? जिने बॉल घेऊन चौघींच्या मधून धडक मारली ती दिसते. जी शिकवल्याप्रमाणे थांबली ती दिसत नाही. मग आम्ही घरी काय सांगायचं, की कोचने शिकवलेलं विसर आणि बॉल हिसकाव? ३ वर ३ खेळवा ना, सहा जणींत कोणी लपत नाही, प्रत्येकीच्या हाती बॉल जातोच.

मीनल

शिरीष, गुरुवार, रात्री ११.२०

३ वर ३ मी दोन वर्षांपूर्वी मांडलं होतं. सहा बास्केट आहेत, जमलं असतं. तेवढी लक्ष ठेवायला माणसं नाहीत म्हणून राहिलं. तुझं म्हणणं बरोबर आहे, परत मांडतो. आणि निकालाबरोबर दोन ओळी द्याव्यात हेही मांडतो.

प्रमोद काका, शुक्रवार, सकाळी ५.३०

सर्वांना नमस्कार.

मी भायखळ्यात वाढलो, आणि मुंबईत बास्केटबॉल म्हटलं की नागपाडा. आम्ही नागपाड्याच्या कोर्टाबाहेर कठड्यावर बसायचो. ट्रायआउट वगैरे काही नव्हतं. जिंकलेली टीम कोर्टवर राहायची, हरलेली उतरायची, आणि खाली बसलेल्यांतून थोरली पोरं पाच जण उचलायची. मला पहिले कित्येक महिने कोणी उचललं नाही. पण बॉल बाहेर गेला की आणायला आम्हीच, आणि आणताना दोन टप्पे मारायला मिळायचे, त्या दोन टप्प्यांवर माझा डावा हात तयार झाला. एक दिवस एक जण कमी पडला आणि कोणीतरी माझ्याकडे बोट केलं. तो दिवस मला अजून आठवतो, पायात स्लीपर होत्या, त्या काढून उघड्या पायांनी खेळलो. आपल्या मुलींना असा कठडाच नाही. ईमेल आली की दार बंद, पुढच्या ऑक्टोबरपर्यंत.

हा खेळ आपल्याच राज्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला. १८९१ चा डिसेंबर, स्प्रिंगफील्ड, थंडीत आत कोंडलेल्या पोरांसाठी नेस्मिथने काढला. त्याच्या वर्गात १८ विद्यार्थी होते, म्हणून पहिल्या गेमला नऊ-नऊ जणांच्या टीम केल्या. अठराच्या अठरा खेळले. आणि पुढच्याच वर्षी इथून दीड-दोन तासांवर, नॉर्थहॅम्प्टनला, स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवला.

गीता, त्या तासातला थोडा वेळ काढ. मी येऊन बसेन.

प्रमोद

नितीन, शुक्रवार, सकाळी ८.४०

काका, त्यात एक भर. नेस्मिथच्या मूळ नियमांत बॉल घेऊन पळता येत नव्हतं आणि आजच्यासारखं ड्रिबलही नव्हतं. जिथे पकडला तिथूनच टाकायचा.

मीनल, शुक्रवार, सकाळी ८.५५

नितीन, हेच खेळवते! ड्रिबल बंद, फक्त पास. मग कोपऱ्यातलीला बॉल द्यावाच लागेल. पहिली दहा मिनिटं हेच.

गीता, शुक्रवार, दुपारी २.२०

सकाळी शाळेच्या ऑफिसला आणि इन्शुरन्सवाल्यांना, दोघांनाही फोन केला. देखरेखीखाली मुलांचा खेळ चालेल म्हणाले, लेखी ईमेल मागवली आहे, ती आज आली तर उद्यापासून, नाहीतर पुढच्या शनिवारपासून. नाचवाल्यांशी बोलले, त्या १२.२५ पर्यंत आवरतील. तुम्हाला १२.२५ ते १२.५०. नंतरची दहा मिनिटं खुर्च्या लावायला, आणि त्या खेळणाऱ्यांच्या पालकांनी लावायच्या.

कोरी झालेली दोन मोठी माणसं कोर्टवर हवीत. टाउनकडे झालेली चालणार नाही, मंडळातर्फे वेगळी करावी लागते. माझी आणि काकांची शाळेसाठी झालेली आहे, म्हणजे पहिले काही शनिवार आम्ही दोघं. मीनल, सोनाली, शिरीष, तुम्ही तिघं फॉर्म भरून द्या, ओळखपत्र घेऊन या.

नितीन, तुमच्या टेपना हात लागणार नाही. बॅडमिंटनचा अर्ज परत पाठवा, या वेळी मी खेळ म्हणून नवीन परमिट मागते.

गीता

सोनाली, शुक्रवार, दुपारी ३.००

फॉर्म पाठवा. आमच्याकडे तीन बॉल आहेत, पण मोठे, साडेएकोणतीस इंची घेराचे. मुलींना साडेअठ्ठावीसचे लागतील, मोठ्याने हात चुकतो.

शिरीष, शुक्रवार, दुपारी ३.३५

साडेअठ्ठावीसचे चार माझ्या गॅरेजमध्ये आहेत, हवा गेलेली आहे. फॉर्म उद्या हातात देतो. मीनल, ३१ नंबरला सांग डावीकडून लेअप दाखवीन, पायांपासून, बॉलशिवाय आधी.

नितीन, शुक्रवार, दुपारी ३.५०

पंप आहे माझ्याकडे. सुई नाही.

प्रमोद काका, शुक्रवार, दुपारी ४.०५

सुई माझ्याकडे आहे. १२.१५ ला येतो.