सोलापुरातली जावा: मूळची की जुळवलेली?

सप्रेम नमस्कार.

सोलापुरात मुरारजी पेठेतल्या एका घरची जावा 250 ही जुनी मोटरसायकल विकायला निघाली आहे. गाडी 1968 ची, मूळ स्थितीतली आणि आजवर सोलापूरबाहेर न गेलेली असल्याचे मालक सांगतात. मी दिवाळीत गावी जाईन, पण धाकटा भाऊ या रविवारीच गाडी पाहणार आहे. त्याने काय तपासावे, हे काकांनी कृपया कळवावे.

*

स. न. वि. वि.

भावाला सांगा, रंग आणि क्रोम शेवटी पाहायचे. आधी आरसी पुस्तक मागून त्यातले चासी व इंजिन क्रमांक गाडीवर ठोकलेल्या आकड्यांशी जुळवावेत. आकडे कमीजास्त खोल किंवा वाकडेतिकडे असतील, भोवती घासल्याची खूण वा रंगाचा जाड थर असेल, तर पुढची बोलणी करू नयेत.

जावाच्या बाबतीत मोठी फसवणूक वेगळीच असते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने 1973 च्या सुमारास त्याच घडणीची गाडी येझदी नावाने काढली आणि दोन्ही गाड्यांचे बरेच भाग एकमेकींना बसतात, त्यामुळे येझदीवर जावाची टाकी आणि बिल्ले चढवून ती जावाच्या किमतीला विकता येते. इंजिनाच्या झाकणावर ओतलेले नाव वाचावे. मात्र झाकणही बदलता येते, म्हणून खरा निकाल क्रमांक आणि आरसीवरील उत्पादन वर्ष यांवरच लावावा.

नंबर प्लेटही बोलते. एमएच मालिका 1989 च्या सुमारास आली, म्हणजे 1968 च्या गाडीला जुना क्रमांक हवा. प्लेटवर एमएच 13 असेल, तर फेरनोंदणी कधी व का झाली, याचे कागद मागावेत.

गाडी सोलापूरबाहेर गेली नाही, हे मला तपासण्याजोगे वाटते. आपल्या कोरड्या उन्हात रबर तडकते, वायरींचे आवरण कडक होते, पण पत्रा कोकणातल्यासारखा सडत नाही. मडगार्डच्या आतून आणि टाकीच्या बुडाशी खोल गंज दिसला, तर गाडी आणखी कुठे राहिली, हे स्पष्ट विचारावे. नव्याने दिलेला रंग मात्र मी दोष मानत नाही.

केंद्राच्या 2021 च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीची 20,000 रुपये भरून विंटेज म्हणून नोंदणी करता येते. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

भावाने दोन्ही क्रमांकांवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसे घ्यावेत आणि उजेडात काढलेल्या फोटोंसह मला पाठवावेत. ते पाहून माझे उत्तर येईपर्यंत विसार देऊ नये.