स्टोरेज रिंगमध्ये इलेक्ट्रॉन 'साठवलेले' असतात तर मग पॉवर सतत कशाला द्यावी लागते?

नेहरूनगर_कुर्ला
मी बीएस्सी फिजिक्स, सेकंड इयर. गेल्या महिन्यात कॉलेजच्या टूरमध्ये इंदूरला आरआरकॅट या सरकारी संशोधन संस्थेची इंडस-२ बघून आलो, १७२ मीटर घेराची रिंग, २.५ जीईव्हीचे (म्हणजे अडीचशे कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे) इलेक्ट्रॉन, सगळं भारीच होतं पण तिथे ऐकलेली दोन वाक्यं एकमेकांशी जुळतच नाहीयेत. एक म्हणजे ही स्टोरेज रिंग आहे, इलेक्ट्रॉन तासन् तास साठवून ठेवतात. दुसरं म्हणजे आरएफ पॉवर (रेडिओ लहरींमधून इलेक्ट्रॉनला दिली जाणारी पॉवर) डोळ्याचं पातं लवायच्या आत जरी गेली तरी बीम गेला. अरे मग साठवलं काय? आत व्हॅक्यूम आहे, घर्षण नाही, मॅग्नेट नुसता वळवतो, त्याचं बल वेगाला काटकोनात म्हणजे काम शून्य, हे तर बारावीत घोकलंय. मग ऊर्जा जाते कुठे?

आणि घरी एक वेगळंच प्रकरण सुरू झालंय. पप्पांचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं, आता मोबाइलचे कव्हर आणि चार्जर विकतात. फोटो दाखवले तर म्हणाले, आमच्या पिक्चर ट्यूबमध्येपण इलेक्ट्रॉन सोडणारी गन होती, योक म्हणजे बाहेरची कॉइल बीमला वळवायची, ईएचटी म्हणजे हाय व्होल्टेज २५ हजार व्होल्ट, तुमच्या इंदूरवाल्यांनी नवीन काय केलं? मला धड उत्तर देता आलं नाही. कुणीतरी सांगा प्लीज.

सायन_सर्कल
सोप्पं आहे भाई, व्हॅक्यूम कधीच परफेक्ट नसतो. थोडी हवा राहते, तिच्याशी घासून इलेक्ट्रॉन स्लो होतात, म्हणून पॉवर द्यावी लागते.

आरएफवाले_काका
सायनवाले, उरलेल्या हवेमुळे इलेक्ट्रॉन *हरवतात* हे खरं, पण पॉवर त्यासाठी लागत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, सगळा घोळ तिथेच होतो.

मी आयुष्यभर आरएफवर काम केलं, आता चेंबूरला घरी बसून नातवाची सायकल दुरुस्त करतो, त्यामुळे वेळच वेळ आहे, जरा लांब लिहितो. मॅग्नेट काम करत नाही हे बारावीचं वाक्य बरोबर आहे, पण अर्धवट आहे. वळणारा चार्ज म्हणजे त्वरण असलेला चार्ज आणि त्वरण असलं की तो प्रकाश फेकतो. १९४७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या ७० एमईव्हीच्या (१ एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) सिंक्रोट्रॉनमध्ये हा प्रकाश पहिल्यांदा डोळ्यांना दिसला, कारण त्या मशिनची व्हॅक्यूमची नळी पारदर्शक होती. म्हणून नाव सिंक्रोट्रॉन रेडिएशन. किती फेकतो याचा हिशोब एका ओळीचा आहे. जीईव्हीमधल्या ऊर्जेचा चौथा घात, गुणिले ८८.५, भागिले वळणाची त्रिज्या मीटरमध्ये, की एका फेरीतली गळती केईव्हीमध्ये (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) मिळते. इंडस-२ साठी त्रिज्या साधारण ५.५५ मीटर घे (रिंगची नाही हं, मॅग्नेटच्या आतल्या वळणाची, मध्ये सरळ भाग असतात). उत्तर येतं ६२० केईव्हीच्या थोडं वर. म्हणजे दर फेरीला एकेक इलेक्ट्रॉन स्वतःच्या वस्तुमानाएवढ्या ऊर्जेपेक्षा जास्त उधळतो, आणि अशा फेऱ्या सेकंदाला १७ लाखांवर!

आता गंमत बघ. २०० मिलीअँपिअर करंट म्हणजे रिंगमध्ये एका वेळी साधारण ७२ हजार कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला प्रचंड, पण त्या सगळ्यांची मिळून ऊर्जा जेमतेम २९० जूल, एक किलो बटाटे नवव्या मजल्यावरून खाली टाकले तर होईल तेवढी. आणि गळती? ६२० केईव्ही गुणिले ०.२ अँपिअर, सव्वाशे किलोवॅट. म्हणजे रिंगमधली सगळी ऊर्जा अडीच मिलिसेकंदांच्या आत बाहेर जाऊन नव्याने भरली जाते. त्यामुळे साठवतात ते इलेक्ट्रॉन, ऊर्जा नाही. बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी डोळ्यासमोर आण, सगळे नळ सुरू आणि खालून पंपही सुरू, पातळी तीच दिसते पण पाणी कालचं नसतं. पंप म्हणजे आरएफ कॅव्हिटी (रेडिओ लहरींनी इलेक्ट्रॉनला पुढे ढकलणारी धातूची पोकळी), इंडस-२ मध्ये ५०५.८ मेगाहर्ट्झ. तिला पॉवर द्यायला आमच्या वेळी क्लायस्ट्रॉन नावाच्या मोठ्या व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आता सॉलिड स्टेट अँप्लिफायर लावलेत. पंप थांबला की एक-दोन टक्के ऊर्जा कमी होताच इलेक्ट्रॉन मार्ग सोडून भिंतीला लागतो, त्याला शे-दीडशे फेऱ्यासुद्धा लागत नाहीत. डोळ्याचं पातं लवायला याच्या हजारोपट वेळ लागतो.

नेहरूनगर_कुर्ला
काका भारी! २९० जूल वाचून दोनदा कॅल्क्युलेटर मारला, बरोबर आहे 😅 पण मग ही गळती म्हणजे शुद्ध नुकसानच ना? प्रोटॉनला हा त्रास नसतो म्हणतात, मग प्रोटॉनच का नाही फिरवत?

आरएफवाले_काका
प्रोटॉन १८३६ पट जड, तेवढ्याच ऊर्जेला आणि तेवढ्याच वळणाला गळती त्याच्या चौथ्या घाताने कमी, म्हणजे साधारण ११ लाख कोटी पट. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचा २७ किलोमीटरचा बोगदा एकच, त्यात आधी एलईपी हे इलेक्ट्रॉनचं मशीन होतं तेव्हा शेवटी शेवटी १०४ जीईव्हीचा इलेक्ट्रॉन फेरीला ३ जीईव्हीच्या वर घालवायचा, आताच्या एलएचसीचा प्रोटॉन डिझाइनच्या ७ टीईव्हीला (७००० जीईव्हीला) ७ केईव्हीच्या आसपास घालवेल. पण अरे, इंदूरला तो प्रकाशच तर हवाय! तुम्ही रिंगच्या बाजूने बीमलाइन बघितल्या असतील, तिथे क्ष-किरण घेऊन लोक प्रोटीनच्या नाहीतर धातूच्या रचना तपासतात. नळ गळतोय म्हणून तर बादली भरते.

पवई_लॅबमधून
काकांना एक जोडते, कारण मला स्वतःला हे पीएचडीच्या पहिल्या वर्षी कळलं तेव्हा चाट पडले होते. गळती नुसती माल देत नाही, ती बीमला शिस्तही लावते. समज एखादा इलेक्ट्रॉन नीट सरळ न जाता आडवा झुलत चाललाय. प्रकाश फेकताना त्याचा संवेग ज्या दिशेने तो चाललाय त्याच दिशेतला कमी होतो, म्हणजे पुढचाही आणि आडवाही. कॅव्हिटी भरपाई करते ती फक्त पुढच्या दिशेची. आडवा हिस्सा परत कुणीच देत नाही. असं हजारो फेऱ्या होत राहिलं की झुलणं आपोआप विरतं, इंडस-२ मध्ये पूर्ण ऊर्जेवर ४-५ मिलिसेकंदात. याला रेडिएशन डँपिंग म्हणतात.

मग बीम विरत विरत दोऱ्यासारखा का होत नाही? कारण प्रकाश धारेने नाही, थेंबाथेंबाने सुटतो. प्रत्येक फोटॉन म्हणजे एक अचानक हिसका, आणि कुठल्या क्षणी किती मोठा बसेल ते नशीब. हिसके बीम फुगवतात, डँपिंग दाबतं, दोघांची जिथे बरोबरी होते तो बीमचा साइझ. म्हणून नव्या रिंगांत डिझाइनवाले एक मोठं वळण तोडून लहान लहान वळणं करतात, प्रत्येक हिश्श्यानंतर फोकसिंग, म्हणजे हिसक्याचा परिणाम वाढायच्या आत आवरता येतो. स्वीडनच्या मॅक्स-४ मध्ये रिंगच्या प्रत्येक सेलला (एकसारख्या तुकड्याला) सात वळणं आहेत, २०१६ ला सुरू झाली. फ्रान्सच्या ईएसआरएफने २०२० मध्ये त्याच ८४४ मीटरच्या बोगद्यात नवी रिंग बसवली आणि आडवा एमिटन्स (बीम किती पसरलाय त्याचं माप) ४ वरून ०.१३ नॅनोमीटरच्या आसपास आणला. बोगदा तोच, वळणं बदलली.

आणि यातून गनबद्दल एक मजेदार गोष्ट निघते. रिंग गनचं सगळं विसरते. गनमधून बीम कसाही गबाळा आला तरी काही मिलिसेकंदांनी तो रिंग ठरवेल तसाच होतो. लिनॅकमध्ये, म्हणजे सरळ रेषेतल्या मशिनमध्ये, मात्र इलेक्ट्रॉन एकदाच जातो, डँपिंगला वेळच नाही, गनमध्ये जे बिघडलं ते शेवटपर्यंत सोबत येतं. म्हणून अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेच्या एलसीएलएससारख्या एक्स-रे लेझरमध्ये (पहिला प्रकाश २००९) अख्ख्या मशिनचा जीव गनमध्ये आहे. तांब्याच्या कॅथोडवर अल्ट्राव्हायोलेट लेझरचा ठोका, इलेक्ट्रॉन बाहेर पडले की लगेच जोरदार आरएफ फील्ड, कारण मंद असताना ते एकमेकांना ढकलून पसरतात आणि प्रकाशाच्या वेगाच्या जवळ गेले की ते ढकलणं जवळजवळ थांबतं.

सायन_सर्कल
ओके माझं चुकलं मान्य. पण इलेक्ट्रॉन हरवतात कसे मग? हवेशी टकरून एवढंच?

पवई_लॅबमधून
तेही आहेच. दहा तासांत इलेक्ट्रॉन हजार कोटी किलोमीटरच्या वर धावतो, प्लूटोपर्यंत जाऊन बराचसा परत, एवढ्या रस्त्यात एखादा अणू आडवा येणारच, म्हणून व्हॅक्यूम वातावरणाच्या लाख कोटी भागापर्यंत उतरवावा लागतो. दुसरं कारण जास्त मुंबईचं आहे. इलेक्ट्रॉन एकेका घोळक्याने फिरतात, आणि एकाच डब्यातल्या गर्दीत दोघांची धक्काबुक्की झाली की एकाला पुढे जास्त रेटा बसतो, दुसरा तेवढाच मागे पडतो, दोघेही आरएफच्या बकेटबाहेर (लहर घोळक्याला जिथे धरून ठेवते त्या जागेबाहेर). याला टुशेक इफेक्ट म्हणतात, ब्रूनो टुशेकच्या नावावरून. त्याची एडीए ही छोटी रिंग १९६१ ला इटलीत फ्रास्काटीला चालली, पुढच्या वर्षी ट्रकमधून फ्रान्सला ओर्सेला नेली आणि तिथे हा प्रकार लक्षात आला. बीम जितका बारीक तितकी गर्दी जास्त, त्यामुळे नव्या रिंगांत हा त्रास वाढलाय.

परळचा_फिजिसिस्ट
मी हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट आहे, पप्पांना माझ्याकडून नमस्कार सांग, कारण आमचं रेडिएशनचं मशीन त्यांच्या टीव्हीचं सख्खं नातेवाईक आहे. मागे गरम कॅथोडची गन, पुढे ३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या मायक्रोवेव्हवर चालणारी फूटभर लांबीची तांब्याची नळी, त्यात ६ एमईव्ही, मग टंगस्टनचं टार्गेट आणि क्ष-किरण. पवईच्या आयआयटी कॅम्पसमधल्या समीर या सरकारी संस्थेने अशी लिनॅक इथेच बनवली आहेत. खारघरला बीएआरसीच्या इलेक्ट्रॉन बीम सेंटरमध्ये १० एमईव्ही, १० किलोवॅटचं आहे, ते माणसांसाठी नाही, मालासाठी.

पप्पांच्या योकबद्दल: वळवताना प्रकाश त्यांची ट्यूबही फेकायची, पण गळती गॅमाच्या (एकूण ऊर्जा भागिले इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्या वस्तुमानाची ऊर्जा) चौथ्या घाताने जाते. २५ हजार व्होल्टला गॅमा १.०५, इंडस-२ मध्ये जवळपास ४९००. आता चौथा घात त्यांच्यासमोर बसून कर. ट्यूबमधून जे थोडे क्ष-किरण यायचे ते वळण्यामुळे नाही, आतल्या मास्कवर आणि काचेवर आपटण्यामुळे, म्हणून तर काचेत शिसं असायचं.

नेहरूनगर_कुर्ला
वाचून दाखवलं. चौथा घात बघून गप्प बसले पाच मिनिटं 😂 मग त्यांचे दोन प्रश्न. गन वीक झाली की तुम्हीपण हीटरचं व्होल्टेज वाढवून वर्षभर ढकलता का? आणि ट्यूबमध्ये हवा शिरली की गेटरचा (उरलेली हवा शोषून घेणाऱ्या धातूच्या थराचा) चंदेरी डाग पांढरा पडायचा, त्यावरून त्यांना कळायचं, तुमच्याकडे गेटर असतो का?

परळचा_फिजिसिस्ट
हीटर वाढवून ढकलत नाही, पेशंटचा डोस त्यावर असतो. काही मशिनमध्ये नुसता फिलामेंट बदलता येतो, काहींत गन आणि नळी एकत्र सीलबंद असते, मग सगळंच बदला. उघडलं की व्हॅक्यूम परत येईपर्यंत मशीन बंद आणि पेशंटच्या तारखा पुढे.

आरएफवाले_काका
गेटरचं मी सांगतो, त्यांना आवडेल. मॅक्स-४ च्या ३ जीईव्ही रिंगमध्ये बीमच्या नळीला जवळपास सगळीकडे आतून टायटॅनियम-झिर्कोनियम-व्हॅनेडियमचा पातळ थर दिलाय. गरम केला की तो उरलीसुरली हवा पकडून ठेवतो. ५२८ मीटर घेराच्या रिंगमध्ये पप्पांचा गेटरच लावलाय म्हणून सांग, फक्त तो डाग बघून काही कळत नाही, गेज लागतो.