महापुरानंतर गेलेली माणसं मोजायची कशी? प्युर्टो रिकोसारखा हिशोब आपल्याकडं जमेल का?

पाणंद_चिखली

नमस्कार मंडळी. मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) शेवटच्या वर्षाला आहे. गाव कोल्हापूरजवळचं प्रयाग चिखली. डेझर्टेशनला विषय घेतलाय: २०१९ च्या महापुरानंतरच्या महिन्यांत आमच्या भागात नेहमीपेक्षा किती माणसं जास्त गेली.

डोक्यात आलं ते प्युर्टो रिकोवरून. कॅरिबियनमधलं बेट, अमेरिकेच्या अखत्यारीतलं. २० सप्टेंबर २०१७ ला तिथं मारिया चक्रीवादळ धडकलं. डिसेंबर उजाडला तरी मृतांचा सरकारी आकडा ६४ च होता. नंतर जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठानं तिथल्याच प्युर्टो रिको विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य शाखेला बरोबर घेऊन मृत्यूच्या नोंदी तपासल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांनी आकडा दिला: २,९७५. सरकारनंही शेवटी तोच धरला. वादळात प्रत्यक्ष सापडलेली माणसं थोडीच होती. वीज नाही, पाणी नाही, उपचार वेळेवर नाहीत, या सगळ्यात जी गेली ती त्या ६४ मध्ये नव्हतीच.

आमच्या घरचंच सांगते. पाणी चढलं तेव्हा आजीला होडीतून बाहेर काढलं. आधी सोनतळी, मग कागलला आत्याकडं. बीपी-शुगरच्या गोळ्यांची पिशवी फडताळातच राहिली. सप्टेंबरात ती कागललाच गेली. दाखल्यावर कारण, ‘हृदयक्रिया बंद पडून’. पुराशी कुणी जोडलंच नाही, आम्हीसुद्धा.

माझा बेत असा: ग्रामपंचायतीची मृत्यू नोंदवही काढायची, २०१९ ची २०१८ शी तुलना करायची, मग २०२१ च्या पुराचंही तसंच. एवढ्यावर भागेल का? गाईड सर म्हणाले, “बघ जमतंय का.” आता काय बघू ते कळेना.

खासबाग

उगाच उकरून काय मिळणार? म्हातारी माणसं पूर नसला तरी जातातच. तुम्ही आकडा काढणार, मग कुणीतरी पुढारी तो घेऊन ४ लाखांच्या मदतीचे फॉर्म वाटणार. दोन्ही पुरांत मी शाहूपुरीत होतो. आमच्या गल्लीत बुडून कोणी गेलं नाही. प्युर्टो रिको कुठं, पंचगंगा कुठं.

शिरोळची_सिस्टर

पाणंद, अगं-तुगं करते, राग मानू नको, वयानं तुझी आजी शोभेन. शिरोळ तालुक्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स होते. २००५ चा पूर उपकेंद्राच्या गच्चीवरून बघितला, २०१९ चा रिटायर झाल्यावर कॅम्पात. तुझा विषय चांगला आहे, पण बेत असा ठेवलास तर तोंडघशी पडशील.

पहिली गोष्ट. तुझ्या आजीची नोंद चिखलीच्या वहीत नाहीच. मृत्यू जिथं घडला तिथं नोंद होते, माणूस कुठल्या गावचं ते बघून होत नाही. आजी कागलला गेली तर नोंद कागलला. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात गेलेल्याची कोल्हापूर महापालिकेत, आमच्याकडचं कुणी मिरजेला ॲडमिट होऊन गेलं तर सांगली-मिरजेच्या महापालिकेत. पत्त्याच्या रकान्यात गाव असतं, पण वही त्या गावची नसते. आणि पुरात तर गावच गावात नव्हतं! चिखलीची वही उघडशील तर ऑगस्ट २०१९ ला नेहमीपेक्षा कमीच मृत्यू दिसतील, आणि प्रबंधात लिहावं लागेल की महापुरानं चिखलीकरांचं आयुष्य वाढवलं.

हीच भानगड प्युर्टो रिकोत झाली होती. वादळानंतर माणसं विमानं भरभरून अमेरिकेत गेली, त्या काही महिन्यांत बेटाची लोकसंख्या ८ टक्क्यांच्या आसपास घटली. बेटावर माणसंच कमी उरली तर मृत्यूही कमी व्हायला हवेत ना? म्हणून त्यांनी आधी गेलेली माणसं हिशोबातून काढली, आधीच्या सात वर्षांच्या नोंदींवरून उरलेल्यांत किती मृत्यू अपेक्षित होते ते काढलं, आणि त्याच्यावरचे जे झाले ते मोजले. खासबागकर, तुमचं उत्तर पण यातच आहे. म्हातारी माणसं जातातच, कबूल. म्हणून तर जी एरवीही गेली असती तेवढी आधी वजा करायची. उरतील ती पुराच्या खाती.

दुसरी गोष्ट. एकट्या २०१८ शी तुलना नको. २०१४ ते २०१८ अशी पाच वर्षं घे आणि तेच महिने घे, कारण पावसाळ्यात आणि थंडीत मृत्यू उन्हाळ्यासारखे नसतात. ऑगस्ट २०१९ ते जानेवारी २०२० एवढा काळ पुरे. त्याच्या पुढं कोरोना. आणि २०२१ चा पूर सरळ सोडून दे. पाणी २०१९ पेक्षा वर, ५६ फुटांच्या पुढं गेलं हे खरं, पण त्या जुलैत आपल्या जिल्ह्यात दुसरी लाट चालूच होती. कोण पुरानं गेलं आणि कोण कोरोनानं, हे तुला काय, कुणालाच वेगळं करता येणार नाही.

तिसरी गोष्ट, गाव एकटं घेऊ नको. हजारी सहाच्या हिशोबानं पाच हजारांच्या गावात वर्षाला तीस मृत्यू, दोन महिन्यांत पाच. पाचाचे आठ झाले तरी तो योगायोग असू शकतो. दहा-बारा पूरग्रस्त गावं घे, आणि जवळचीच पाणी न आलेली तेवढीच गावं शेजारी ठेव. एकटीनं होणार नाही हे. वर्गातल्या दोघी-तिघींना गोळा कर.

कारणाच्या रकान्यावर तर अजिबात विसंबू नको. घरी गेलेल्या माणसाचं कारण बऱ्याचदा घरचे सांगतील ते. ‘वृद्धापकाळ’, नाहीतर तुझ्या आजीसारखं ‘हृदयक्रिया बंद’. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते बाळा, ते कारण नव्हे. प्युर्टो रिकोच्या अहवालातही हेच होतं: आपत्तीनंतरचा मृत्यू दाखल्यावर कसा लिहायचा, हे तिथल्या डॉक्टरांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

आता कॅम्पातलं बघितलेलं सांगते. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकलेल्या. औषधाच्या पेटीत ओआरएस, चिखल्यांचं मलम, तापाच्या गोळ्या, लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी डॉक्सीच्या गोळ्या. सगळं पुराचं औषध. एक म्हातारी पदराच्या गाठीतून स्ट्रिपचा तुकडा काढून दाखवायची. गोळ्या संपलेल्या, नुसता कापलेला कोपरा, त्यावर नावाची शेवटची दोन अक्षरं. “ही बारकी पांढरी, सांजची.” बारक्या पांढऱ्या गोळ्या शंभर प्रकारच्या असतात. बीपीची गोळी पेटीत नव्हतीच. मी शेजारच्या गावातनं मागवली, तोवर तीन-चार जणांचं बीपी दोनशेला टेकलेलं. इन्सुलिनवाल्यांचं तर विचारूच नको. लाईट नाही तर फ्रिज कसला. एका सुनेनं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला चिकटवून ठेवली होती. पोरगी शहाणी! असले लोक त्या आठवड्यात मरत नाहीत, म्हणून तर कुणाच्या नजरेत येत नाहीत. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी पॅरालिसिस होतो, किडनी जाते.

तिकडं प्युर्टो रिकोत सुद्धा तसंच. गरीब वस्तीच्या भागांत मृत्यूचा धोका ४५ टक्के जास्त होता आणि सहा महिने झाले, फेब्रुवारी आला, तरी तो उतरला नव्हता. पासष्टच्या वरच्या पुरुषांचंही तेच. म्हणून म्हणते, नुसता ऑगस्ट बघून थांबू नको.

गगनबावडेकर

सिस्टर, लाख बोललात. मी झूऑलॉजीचा माणूस, थोडं अवांतर लिहितो. त्याच प्युर्टो रिको विद्यापीठाकडं कायो सान्तियागो नावाचं छोटं बेट आहे, नुसत्या माकडांचं. माकडं आपल्या भारतातली: १९३८ साली चारशेच्या वर ऱ्हीसस माकडं इथनं जहाजानं तिकडं नेली, आताची त्यांचीच पिल्लावळ. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत, कुणाची आई कोण, कोण कुणाशेजारी बसतं, सगळं.

मारियात बेटावरची साठ टक्क्यांहून जास्त झाडी गेली. सावली संपली. दुपारी ऊन असं की जमीन भाजून निघते. संशोधकांना वाटलं, सावलीवरून आता मारामाऱ्या होणार. झालं उलटंच. माकडं एकमेकांना जास्त खपवून घ्यायला लागली, नवी ओळख करून आडोशाला बाजूबाजूला बसायला लागली. २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे, वादळानंतर ज्यांनी असं जमवून घेतलं त्यांचा जगण्याचा संभव जास्त होता. वादळाआधी या गुणाचा एवढा फायदा दिसत नव्हता.

पाणंद, प्रश्नावलीत एक प्रश्न टाकून बघा: पुरानंतर आजी-आजोबा कुणाकडं राहिले, ओळखीतल्या माणसांत की परक्यात?

पाणंद_चिखली

सिस्टर आजी, तुम्ही डोळे उघडलेत. वहीचं मला माहीतच नव्हतं. आज दुपारी आत्याला फोन केला, आजीची नोंद खरंच कागललाच आहे.

मग वह्या सोडून घरोघरीच फिरू का? हार्वर्डवाल्यांनीही असा घरोघरीचा सर्व्हे केला होता म्हणतात आणि त्यांचा आकडा ४,६४५ आला. दोन विद्यापीठांचे दोन आकडे, मग खरा कुठला? आणि लोकांना तारखा आठवतील का एवढ्या जुन्या?

गगनबावडेकर सर, माकडांचं भारीच! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आत्याच्या घरी आजीला बोलायला कुणी नव्हतं, दिवसभर दारात बसायची.

शिरोळची_सिस्टर

घरोघरीच फिर. पण हार्वर्डचा आकडा नीट वाच. ३,२९९ घरं फिरले, वादळानंतर वर्षअखेरपर्यंतचे ३८ मृत्यू सापडले, त्यावरून अख्ख्या बेटाचा अंदाज बांधला. म्हणून त्यांनी पल्लाही दिलाय, ७९३ ते ८,४९८. एवढ्या मोठ्या टोपलीतला मधला आकडा तेवढा पेपरवाल्यांनी उचलला. नोंदीवरून काढलेला २,९७५ जास्त भरवशाचा. पण घरोघरी गेल्यामुळंच कळलं की सर्व्हेत सापडलेल्यांतले जवळजवळ एक तृतीयांश मृत्यू उपचार लांबल्यानं किंवा तुटल्यानं झाले, आणि सरासरी घरात ८४ दिवस वीज नव्हती. ते कुठल्या वहीत सापडलं असतं? दोन्ही कामं वेगळी आहेत. तू एमएसडब्ल्यूची, तुझा जोर दुसऱ्यावर हवा.

घरं निवडायला एक युक्ती. एप्रिल २०१९ ला लोकसभेचं मतदान झालं, तेव्हाची मतदार यादी मिळव. पुराच्या चार महिने आधी गावात कोण कोण होतं, घरक्रमांकासकट तयार आहे. दर पाचवं घर घे आणि यादीतल्या एकेका नावाला विचार, हे कुठं आहेत? नुसतं दार वाजवून “तुमच्यातलं कोण गेलं का?” विचारलंस तर एकटी राहणारी म्हातारी सुटते. ती गेली, दाराला कुलूप, सांगणार कोण? ही अडचण हार्वर्डवाल्यांनाही आली होती. आशाताईला बरोबर घे, कुणाच्या घरी कोण कधी गेलं ते तिला तोंडपाठ असतं.

तारीख विचारूच नको. तिथी विचार. वर्षश्राद्ध घातलेलं असतं, सून झोपेतही तिथी सांगेल. २०१९ चं कालनिर्णय जवळ ठेव, लगेच तारीख निघते. तिथी नाही आठवली तर, गणपतीच्या आधी की नंतर? त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला बसले, दसरा ८ ऑक्टोबरला होता.

मग शेवटच्या दोन महिन्यांची हकिकत घे: गोळ्या कुठल्या चालू होत्या, कधी तुटल्या, परत कुणी सुरू करून दिल्या, दवाखान्याचा रस्ता बंद होता का, कुठल्या घरात राहिले. गगनबावडेकरांचा प्रश्न चांगला आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचार. आधी विचारलास तर सुनेला वाटतं आपल्यावर ठपका ठेवायला आलेत, आणि पुढचं एक उत्तर खरं मिळत नाही. मदतीचा विषय निघाला तर आधीच सांग, हे मदतीसाठी नाही. नावं लिहू नको, नंबर दे. कॉलेजचं लेटरहेड आणि ग्रामपंचायतीचं पत्र असल्याशिवाय उंबऱ्यात पाय टाकू नको.

खासबाग

माझं मत बदललेलं नाही, पुढारी टपलेलेच असतात. पण गोळ्या कधी तुटल्या हे माणसांना आठवणार नाही, सिस्टर. आमच्या खालच्या मेडिकलवाल्याकडं उधारीची वही असते, कुणी कुठल्या दिवशी काय नेलं ते सगळं. चिखली-आंबेवाडीची बरीच गिऱ्हाइकं आहेत त्याच्याकडं. २०१९ ची वही भिजली की वाचली, ते उद्या विचारून सांगतो.